भेळेचं किट सादळू नये म्हणून: कप्पे असलेलं पॅकिंग कसं ठरवावं

मिसळ पार्सल बांधताना हॉटेलवाला रस्सा एका पिशवीत भरतो, फरसाण दुसरीत, कांदा-कोथिंबीर तिसरीत, आणि पाव कागदात गुंडाळतो. पॅकेजिंगचा अभ्यासक्रम त्याने केलेला नसतो, पण रश्श्यात पडलेलं फरसाण किती वेळ तग धरतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून एकत्र करायचं काम तो गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पुढे ढकलतो. कप्पे असलेलं पॅकिंग हेच काम करतं, फक्त त्याला अर्ध्या तासाऐवजी दोन-तीन महिने निभावून न्यायचं असतं.

भेळेचं किट, मिसळीचं किट, कपातले पोहे, मसाल्याच्या पुडीसकट सरबताची बाटली असे पदार्थ आता अनेक बचत गट आणि गृहउद्योग करू पाहतात. बहुतेक जण आधी ट्रे पसंत करतात. बाजारात दोन खणांचा देखणा ट्रे दिसतो, त्याचे दोन-चारशे नग येतात आणि मग त्यात काय बसेल याचा विचार सुरू होतो. माझं ठाम मत आहे की ट्रे किंवा कप हा शेवटून दुसरा निर्णय असावा. त्याआधी काय ठरवायचं ते क्रमाने सांगतो. उदाहरण भेळेच्या किटचं घेतो, कारण पॅकिंगला छळणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी भेळेत एकत्र आहेत: कुरकुरीत कुरमुरे, तेलकट शेव, ओली चटणी आणि लसणाचा वास.

पहिलं काम: कुणाला कुणापासून दूर ठेवायचं

एका कागदावर किटमधले सगळे घटक लिहा. कुरमुरे, शेव, पुरी, शेंगदाणे, मसाला डाळ, चिंच-गुळाची चटणी, तिखट चटणी, चाट मसाला, चमचा. प्रत्येकापुढे चार गोष्टी मांडा: त्यात पाणी किती मोकळं आहे, तेल सुटतं का, वास पसरतो का, आणि एकटा ठेवला तर तो किती दिवस टिकतो.

यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे ते पाहायचं. अन्नतंत्रज्ञ याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ती ० ते १ अशी मोजतात. शुद्ध पाण्याची १ असते. कुरमुरे, शेव, पुरी यांसारखे पदार्थ साधारण ०.४ ते ०.५ च्या वर गेले की कुरकुरीतपणा सोडतात. चटणी कितीही आटवली तरी ती याच्या खूप वर असते. दोन पदार्थ एका बंद जागेत ठेवले की वरच्या आकड्याकडून खालच्या आकड्याकडे ओल सरकत राहते, आणि दोघांचा आकडा सारखा होईपर्यंत थांबत नाही. त्यासाठी दोघांचा स्पर्श व्हावा लागत नाही, मधली हवा पुरते. म्हणून ट्रेमध्ये नुसती प्लॅस्टिकची भिंत आहे आणि वर एकच सैल झाकण आहे, अशा रचनेत चटणी सांडली नाही तरी कुरमुरे मऊ पडतात. दोन खण दिसायला वेगळे असले तरी हवा एकच असेल, तर तो एकच कप्पा धरायचा.

उलट तेल किंवा चरबीवर आधारलेल्या पदार्थात मोकळं पाणी जवळजवळ नसतं. किंडर जॉयचं अंडं पाहा. एका अर्ध्यात खेळणं, दुसऱ्यात क्रीम, आणि दोन्हींवर स्वतंत्र चिकटपट्टीचं झाकण. पण कुरकुरीत वेफरचे गोळे मात्र थेट क्रीममध्येच बसवलेले असतात आणि तरी मऊ पडत नाहीत, कारण ती क्रीम चरबीची आहे. याचा आपल्याला उपयोग असा की कोरडी शेंगदाणा-लसूण चटणी कुरमुऱ्यांच्या शेजारी चालू शकते, चिंचेची चालत नाही. कागदावर हे नीट मांडलंत की कधी कधी तीनऐवजी दोनच कप्पे पुरतात, आणि वाचलेला प्रत्येक कप्पा म्हणजे वाचलेला खर्च.

बरणीतली चाचणी

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी करता येईल अशी एक चांगली चाचणी आहे. घट्ट झाकणाची मोठी काचेची बरणी घ्या. तळाला वाटीत साधं मीठ घाला आणि त्यात थोडंसंच पाणी, इतकं की मीठ न विरघळता ओल्या वाळूसारखं राहील. अशा ओल्या मिठाच्या वरच्या बंद हवेत आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, आणि खोलीचं तापमान थोडं वर-खाली झालं तरी फारसा फरक पडत नाही. आता तुमच्या फिल्ममध्ये, म्हणजे पुडीच्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात, सील केलेले मोजून दहा ग्रॅम कुरमुरे आणि उघड्या बशीतले दहा ग्रॅम कुरमुरे, दोन्ही मिठाला न लागता बरणीत ठेवा. रोज एकाच वेळी दोन्ही वजन करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा फार महाग नसतो.

उघडे कुरमुरे लवकरच वजन घेऊ लागतील. सील केलेल्या पुडीचं वजन किती हळू वाढतं ते पाहा, आणि बरणीत ठेवलेल्या तशाच जास्तीच्या पुड्यांपैकी रोज एक फोडून त्यातला दाणा दाताखाली धरून बघा. ज्या दिवशी दाणा मोडताना आवाज करत नाही, त्या दिवसाचं वजन लिहून ठेवा. तुमच्या मालाची ती मर्यादा. दोन-तीन प्रकारच्या फिल्म अशा शेजारी-शेजारी लावल्या की विक्रेत्याने केलेलं कौतुक बाजूला राहतं आणि खरा फरक आकड्यात दिसतो. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरची हवा ७५ टक्क्यांहून बरीच दमट असते. तेव्हा तुमचा माल रत्नागिरी-सिंधुदुर्गात विकला जाणार असेल तर बरणीतल्या निकालातून आणखी दिवस वजा करा.

चटणी आधी सुरक्षित, मग सुटसुटीत

किटची मुदत म्हणजे त्यातल्या सर्वांत नाजूक घटकाची मुदत. कुरमुरे चार महिने टिकले आणि चटणी वीस दिवस, तर वेष्टनावर वीस दिवसच लिहायचे.

चिंच-गुळाची चटणी यात समजूतदार आहे. ती चांगली आंबट असते, आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जंतू वाढत नाहीत. तरी बुरशी आणि यीस्ट आंबट-गोडातही वाढतात. म्हणून चटणी उकळून, साधारण ८५ अंश सेल्सिअसला गरमच भरून, लगेच सील करायची पद्धत आहे. पीएच पट्टीवर अंदाज घेण्यापेक्षा साधा डिजिटल मीटर घ्या आणि प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवा.

हिरवी चटणी मात्र शीतसाखळीशिवाय, म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंत सतत थंड ठेवण्याच्या सोयीशिवाय, कपात घालू नका. कोथिंबीर-पुदिन्याचा रंग जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आंबते. कच्चा लसूण तेलात घालून हवाबंद केलेली ओली चटणी तर आणखी धोक्याची: आंबटपणा नाही, हवा नाही, ओल आहे, म्हणजे बोट्युलिझमला हवी तशी परिस्थिती. तिखटपणासाठी कोरडा मसाला द्या, किंवा लाल मिरचीची चटणी चिंचेच्या आंबटपणात बसवा. कांदा, टोमॅटो, लिंबाची फोड यांचाही मोह सोडा. वेष्टनावर ‘कांदा-टोमॅटो ताजा घाला’ असं सरळ लिहिलं तर कुणी नाराज होत नाही.

आता आकार

छोट्या उद्योगाला झेपतील अशा चार रचना आहेत. सर्वांत सोपी म्हणजे मोठ्या पाकिटात छोट्या पुड्या, जी इन्स्टंट नूडल्सने घराघरांत पोचवली. दुसरी म्हणजे खणांचा ट्रे आणि वर ताणून चिकटवलेली फिल्म. इथे फिल्म प्रत्येक खणाच्या काठावर स्वतंत्र चिकटली पाहिजे, म्हणजे मधल्या भिंतीचा काठही बाहेरच्या काठाच्या पातळीत आणि पुरेसा रुंद हवा. तिसरी म्हणजे दोन खणांचा पाऊच, ज्याच्या मधलं सील हाताने दाबल्यावर फुटतं आणि बाहेरची सीलं टिकतात. कल्पना सुरेख आहे, पण मधल्या सीलचं तापमान काही अंशांनी चुकलं तर ते एक तर वाटेतच फुटतं किंवा गिऱ्हाइकाला फुटतच नाही. पायाने चालवायच्या सीलिंग मशीनवर हे जमवायला जाऊ नका.

चौथी रचना मला भेळेसाठी सर्वांत योग्य वाटते. कपात कोरडं मिश्रण भरायचं, कपाच्या तोंडावर फॉइल सील करायची, आणि वर खोलगट झाकण बसवायचं. फॉइल आणि झाकण यांच्या मधली जागा हा दुसरा कप्पा. त्यात चटणीच्या पुड्या, मसाल्याची पुडी, चमचा. एखादी चटणीची पुडी गळलीच तर ती फॉइलवर गळेल, कुरमुऱ्यांत नाही. लस्सी-ताकाचे कप सील करणारं साधं यंत्र यासाठी चालतं, नवीन साचा बनवावा लागत नाही. झाकणाभोवती श्रिंक पट्टी (गरम हवेने आकसून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची पट्टी) घातली की मध्येच कुणी उघडलं का हेही कळतं.

कपाचा आकार ठरवताना कालवायला जागा सोडा. कुरमुरे वजनाला हलके आणि आकाराने मोठे असतात. कप काठोकाठ भरला तर दुकानात छान दिसतो, पण चटणी ओतल्यावर पहिल्याच ढवळण्याला अर्धे कुरमुरे बाहेर पडतात. मी एक तृतीयांश जागा रिकामी ठेवायचा सल्ला देतो. कप अर्धवट भरल्यासारखा वाटू नये म्हणून बाहेरच्या छपाईत ‘इथपर्यंत भेळ, वरची जागा कालवायला’ अशी रेघ द्या.

फिल्म कोणती

साध्या पातळ पॉलिथिनची पुडी पाणी बऱ्यापैकी अडवते, पण वास आणि प्राणवायू अडवत नाही. म्हणून लसणाची चटणी अजिबात न गळतासुद्धा शेजारच्या शेवेला लसणाचा वास लागतो. चटणीसाठी पॉलिएस्टर आणि पॉलिथिन एकत्र चिकटवलेली लॅमिनेट फिल्म घ्या, मुदत जास्त हवी असेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली. चिंचेची चटणी उघड्या ॲल्युमिनियमच्या वाटीत मात्र भरू नका, आम्ल धातू खातं. लॅमिनेटमध्ये धातूवर प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून तिथे चालतं.

कोरड्या मिश्रणाला ओलीइतकाच उजेड आणि प्राणवायूही त्रास देतो. शेव आणि शेंगदाण्यांतलं तेल त्यांनी खवट होतं. पारदर्शक कप गिऱ्हाइकाला आवडतो हे खरं, पण ट्यूबलाइटखाली महिनाभर राहिलेली शेव नाकाला लगेच कळते. छापील अपारदर्शक कप आणि एका बाजूला छोटी खिडकी हा मधला मार्ग. गरम माल भरायचा असेल तर पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचा कप किंवा ट्रे घ्या, पीईटीचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा) साधा ट्रे सत्तर अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकडा होतो. उसाच्या चोथ्याचे खण असलेले डबे वाढून द्यायला उत्तम आहेत, महिनाभर ओल अडवायला नाहीत.

खरेदी करताना विक्रेत्याकडून अन्नसंपर्कासाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र लेखी मागा. भारतात अन्नात उतरू शकणाऱ्या पॅकिंगच्या घटकांवर किलोमागे ६० मिलिग्रॅमची एकूण मर्यादा आहे, आणि छापील बाजू अन्नाला लागलेली चालत नाही. वर्तमानपत्राचा तुकडा तर कुठल्याच कप्प्यात नको.

भरणं आणि सील करणं

बहुतेक किटं इथे बिघडतात. सीलच्या जागी चटणीचा एक थेंब किंवा मसाल्याची चिमूट लागली की तिथे फिल्म चिकटल्यासारखी दिसते, पण केसाएवढी वाट उरते. चटणी भरायला लांब नळीचं नरसाळं वापरा, म्हणजे पुडीच्या तोंडाला काही लागत नाही. मसाल्याची पुडी भरल्यावर तोंडाजवळची भुकटी कोरड्या ब्रशने झटका.

गरम भरलेल्या चटणीच्या पुड्या पाण्यात टाकून गार केल्यात तर पुढची पायरी विसरू नका: पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरड्या होऊ द्या, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच किटमध्ये ठेवा. कोमट पुडी बंद जागेत घाम सोडते. पुडीच्या घडीत अडकलेलं पाणीही एका कपातली पुरी मऊ करायला पुरतं.

रोजच्या तपासणीसाठी प्रत्येक घाण्यातल्या काही पुड्या पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडा आला की यंत्र थांबवून सीलची पट्टी साफ करा. दुसरी पद्धत म्हणजे पुडी टिश्यू पेपरवर ठेवून वर वजन ठेवायचं आणि रात्रभरात डाग पडतो का ते पाहायचं. चटणीच्या पुडीत हवा कमीत कमी ठेवा. मुंबईत सील केलेली पुडी महाबळेश्वरला नेली, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंचीवर, की बाहेरचा हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी होतो आणि आतली हवा फुगते. कच्चं सील घाटातच उघडतं.

चमचा, सिलिका जेल, भेटवस्तू

प्लॅस्टिकचे चमचे, काटे आणि स्ट्रॉ यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. लाकडी चमचा घ्या, पण लाकूड स्वतः ओल धरून असतं आणि ती कुरमुऱ्यांना देतं. त्यामुळे तो कागदी वेष्टनात आणि फॉइलच्या वरच्या कप्प्यातच हवा.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीबाबत मी आग्रही आहे: अशा किटमध्ये ती घालूच नका. गिऱ्हाईक इथे छोट्या पुड्या फाडून ओतायच्या तयारीतच असतं. लहान मूल किंवा चष्मा न लावलेली आजी चौथी पुडीही मसाला समजून ओतेल. ओल अडवायचं काम फिल्मने आणि सीलने करावं. खेळणं किंवा भेटवस्तू द्यायचीच असेल तर ती अन्नाच्या कप्प्याबाहेर, स्वतंत्र वेष्टनात आणि लहान मुलाच्या घशात जाणार नाही इतकी मोठी असावी.

पेयांसाठी थोडं

बाटलीच्या झाकणातच पावडरचा कप्पा असतो अशी झाकणं मिळतात. झाकण पिळलं की आतला दट्ट्या पातळ पडदा फोडतो आणि पावडर पेयात पडते. जीवनसत्त्वांसारखे जे घटक पाण्यात लवकर निकामी होतात त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. कोकम सरबताला मात्र ते परवडेल असं मला वाटत नाही. झाकण बाटलीच्या गळ्याच्या आट्यांशी तंतोतंत जुळावं लागतं, आणि काळं मीठ घातलेला जिरेमसाला ओल ओढून कप्प्यातच गोळा होतो, मग पडदा फुटला तरी खाली पडत नाही. बाटलीच्या गळ्यात अडकवलेली लॅमिनेटची पुडी किंवा झाकणावर श्रिंक पट्टीने धरलेली छोटी डबी तेच काम स्वस्तात करते. सोलकढीचा प्रश्न वेगळा आहे. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, खोलीच्या तापमानाला टिकतं, नारळाचं दूध टिकत नाही. म्हणून आगळ आणि नारळाच्या दुधाची पावडर असे दोन कप्पे करा.

वेष्टनावरचा मजकूर

किट एकच असलं तरी आतले पदार्थ वेगळे आहेत, म्हणून निव्वळ वजन घटकवार लिहा: कोरडं मिश्रण इतके ग्रॅम, चटणी इतके ग्रॅम. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने. शेंगदाणा आणि पुरीतला गहू हे ॲलर्जीचे घटक ठळक लिहा. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) चिन्हासोबत चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा पत्ता. आतल्या छोट्या पुडीवरही निदान ‘गोड चटणी’, ‘तिखट’ आणि बॅच नंबर असू द्या. तक्रार आली तर कोणता घाणा बिघडला हे त्यावरूनच शोधता येतं.

फाडायची खाच विसरू नका. हे किट गाडीत, लोकलमध्ये, ऑफिसच्या टेबलावर उघडलं जाणार आहे. तिथे कात्री नसते. घरातल्या वयस्कर माणसाला ओल्या बोटांनी पुडी उघडायला सांगा आणि बघत राहा. त्याने पुडी दातात धरली तर खाच पुरेशी नाही.

ऑर्डर देण्याआधी

खर्च काढताना फक्त कप आणि फिल्मचा भाव धरू नका. प्रत्येक कप्पा म्हणजे एकदा भरणं, एकदा सील करणं आणि एकदा तपासणं. तीन पुड्यांच्या किटला दोन पुड्यांपेक्षा किती हात आणि किती वेळ जास्त लागतो ते घड्याळ लावून मोजा. कित्येकदा तिसरी पुडी मालापेक्षा मजुरीला महाग पडते.

पहिला लहान घाणा साध्या कपांवर स्टिकर लावून करा. काही खोकी एसटी पार्सलने दूरच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवून तशीच परत मागवा आणि उघडून पाहा. काही कप छातीच्या उंचीवरून फरशीवर टाका. तळाच्या खोक्यावर प्रत्यक्ष गोदामात जितकी खोकी चढतील तितकं वजन आठवडाभर ठेवा. मुदतीचा दावा करण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. पॅकिंगच्या चाचण्यांसाठी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, कोकम-आगळासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ जवळचं. यंत्रासाठी कर्ज काढणार असाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ती अजून सुरू आहे का याची जिल्हा कृषी कार्यालयात आधी चौकशी करा.

फिल्मचा छापील रोल सर्वांत शेवटी. त्यात प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर बनतो, त्याचे पैसे आधी भरावे लागतात, आणि पुडीची लांबी अर्धा सेंटिमीटर बदलली तरी तो वाया जातो. चटणीचं वजन, पुडीचा आकार, खाचेची जागा आणि मुदत या चार गोष्टी एका पावसाळ्यातून न बदलता पार पडल्या, की मगच सिलिंडरची ऑर्डर द्या.